मरुभूमीची सावली

पश्चिम राजस्थानात ज्येष्ठातील दुपार म्हणजे सूर्याचे निष्कंटक राज्य. आकाशात ढगाचा मागमूस नसतो. वाळूच्या टेकड्या डोळे दिपवीत असतात, क्षितिजावर मृगजळ थरथरत असते, आणि ‘लू’ नावाचा तप्त वारा भट्टीच्या तोंडातून यावा तसा अंगावर येतो. वाटेवर माणूस दिसत नाही. अशा वेळी गावाच्या वेशीजवळ एखादे खेजडीचे झाड उभे असते. त्याचा पसारा वडापिंपळाएवढा नाही. त्याची पाने चिंचेच्या पानांहूनही बारीक. तरीही त्याच्या तळाशी सारा गाव एकवटलेला दिसतो. उंट गुडघे मोडून रवंथ करीत बसलेले असतात. शेळ्या एकमेकींना बिलगून उभ्या असतात. म्हातारी माणसे खाटेवर पहुडलेली असतात. आणि दुरून पाणी घेऊन येणाऱ्या स्त्रिया डोक्यावरचे घडे उतरवून घटकाभर विसावतात. सूर्य जसजसा कलतो तसतशी सावली सरकते, आणि तिच्यामागोमाग ही सारी सभाही सरकत राहते.

त्या झाडाखाली विसावलेल्या वाटसरूस विचारले, तर ‘येथे हवा थंड आहे’ असे तो सांगेल. परंतु तापमापक हाती घेऊन कोणी मोजमाप करू लागला, तर त्याला आश्चर्याचा धक्का बसेल. उन्हातील हवेचे तापमान आणि त्या एकाकी झाडाखालील हवेचे तापमान यांत पुष्कळदा एखाददुसऱ्या अंशाचेच अंतर असते. ४४ अंशांची हवा ४३ अंशांवर आली, तर एवढ्याने जीव निवावा कसा? वाटसरू खोटे बोलत नाही; तापमापकही खोटे बोलत नाही. मग या दोघांचा मेळ कसा घालावयाचा? या प्रश्नाचे उत्तर ज्याला सापडले, त्याला वाळवंटातील वस्तीत झाडाचे मोल काय, हेही उमगले.

वर्तमानपत्रांत रोज जे तापमान छापून येते, ते कोठे मोजलेले असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वेधशाळेच्या आवारात जमिनीपासून साधारण माणसाच्या कमरे-छातीइतक्या उंचीवर एक पांढरी लाकडी पेटी असते. तिच्या चारही बाजूंना झडपा असतात. त्यांतून वारा खेळतो, पण ऊन आत शिरत नाही. तापमापक या पेटीत ठेवलेला असतो. म्हणजेच जाहीर होणारे तापमान हे सावलीतील हवेचे असते. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ते असेच सावलीतले होते. त्याच वेळी उघड्या माळावरून चालणाऱ्या माणसाच्या देहाला जे सोसावे लागले, त्याची कल्पना त्या एका आकड्यावरून येणार नाही.

मनुष्याच्या शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश असते. ते त्याच मर्यादेत राहिले पाहिजे. दोनचार अंशांनी वाढले तरी प्राणावर बेतते. या देहाला बाहेरून उष्णता दोन वाटांनी मिळते. अंगाला लागणारी हवा कातडीहून तापलेली असेल, तर ती उष्णता देते. ही पहिली वाट. दुसरी वाट प्रारणाची. शेकोटीपासून चार हात दूर बसले तरी तोंड भाजते. मधली हवा तापलेली नसतानाही ज्वाळांची उष्णता थेट अंगावर येते. हेच प्रारण. वाळवंटात ही शेकोटी एका दिशेला नसते. ती सर्व बाजूंनी पेटलेली असते. वरून सूर्याचे किरण येतात. फिकट रंगाची वाळू त्यांतील काही किरण परत फेकते. ते खालून डोळ्यांवर व तोंडावर आदळतात. उरलेल्या किरणांनी वाळू स्वतः तापते. भर दुपारी तिचे तापमान ६० अंशांच्याही वर जाते, आणि मग ती तापलेल्या तव्याप्रमाणे उष्णता बाहेर टाकू लागते. जवळ दगडी भिंत असेल तर तीही तेच करते. उन्हात उभा असलेला माणूस असा चोहोकडून शेकला जातो.

या माऱ्याविरुद्ध निसर्गाने माणसाला एक अस्त्र दिले आहे. ते म्हणजे घाम. पाण्याची वाफ होताना पुष्कळ उष्णता खर्ची पडते. एक लिटर घाम कातडीवरून वाळून जाताना जेवढी उष्णता घेऊन जातो, तेवढ्या उष्णतेने बर्फासारखे थंड असे जवळजवळ सहा लिटर पाणी उकळीला आणता येईल. कोकणच्या किनाऱ्यावर हवाच दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, अंगावरून ओघळत राहतो. म्हणून तेथे ३३ अंशांतही जीव कासावीस होतो. वाळवंटातील हवा कोरडी. तेथे घाम येताक्षणी उडून जातो, इतका की आपल्याला घाम येत आहे हेदेखील माणसाच्या ध्यानात येत नाही. हे अस्त्र प्रभावी खरे. पण प्रत्येक थेंबाची किंमत पिण्याच्या पाण्याने मोजावी लागते. जेथे पाण्याचा घडा मैलोगणती वाहून आणावा लागतो, तेथे घामाचा अपव्यय म्हणजे पाण्याचाच अपव्यय होय.

आता झाडाच्या सावलीचे कार्य स्पष्ट होते. झाड हवा फारशी थंड करीत नाही. ते शेकोटी विझविते. वरून येणारे किरण पानांवर अडतात, म्हणून माथा तापत नाही. जमिनीवर ऊन पडत नाही, म्हणून वाळू तव्यासारखी तापत नाही व परत फेकले जाणारे किरणही उरत नाहीत. वाटसरूभोवतीची हवा जवळपास तेवढीच उष्ण राहते. परंतु त्याच्या देहावर येणाऱ्या प्रारणाचा भार एकदम उतरतो. घाम कमी गाळावा लागतो, तहान कमी लागते, छातीची धडधड मंदावते. तापमापक हवेची उष्णता सांगतो. देह मात्र सगळ्याच उष्णतेचा हिशेब ठेवतो. म्हणून दोघांचे बोलणे वेगळे, तरी दोघेही खरे.

येथे एखादा विचारील, की सावलीच हवी तर झाडच कशाला? कापडाचे छत ताणले तर भागणार नाही काय? काही अंशी भागेल. कापडही सूर्याचे किरण अडविते. परंतु कापड स्वतः तापते, आणि तापलेले कापड वरून उष्णता सोडू लागते. झाडाचे पान असे तापत नाही. पानांवर सूक्ष्म रंध्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते. या क्रियेला बाष्पोच्छ्वास म्हणतात. माणसाला जसा घाम, तसा पानाला बाष्पोच्छ्वास. शिवाय पाने बारीक असली, तर त्यांच्यामधून वारा खेळतो आणि पानांवरील उष्णता वाहून नेतो. त्यामुळे ऐन दुपारीही झाडाचा घुमट त्याच्या सभोवतालच्या हवेपेक्षा फारसा तापलेला नसतो. कापडाचे छत म्हणजे केवळ आडोसा. झाड म्हणजे स्वतःला सतत थंड ठेवणारा आडोसा.

हा केवळ तर्क नव्हे. इस्रायल देशाच्या दक्षिण भागात नेगेव्ह नावाचे वाळवंट आहे. तेथील सदे बोकेर या वस्तीत काही संशोधकांनी याच गोष्टीची पारख केली, आणि त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी एकसारखी दोन अंगणे निवडली. त्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत निरनिराळ्या रचना करून पाहिल्या : कधी नुसती उघडी जमीन, कधी नुसती हिरवळ, कधी झाडे, कधी वर ताणलेले जाळीदार कापड, तर कधी हिरवळीवर झाडांची किंवा कापडाची सावली. प्रत्येक रचनेत त्यांनी हवेचे तापमान मोजले आणि किती पाणी खर्च झाले याचीही नोंद ठेवली. वाळवंटातील प्रयोगात पाण्याचा हिशेब नसेल, तर तो प्रयोग अपुराच म्हणावा लागेल.

उघड्या अंगणातील हवा दुपारी सरासरीने ३४ अंशांपर्यंत तापत असे. झाडे व हिरवळ दोन्ही असलेल्या अंगणात ती दिवसा अडीच अंशांपर्यंत कमी तापली. कापडाखाली मात्र उलटाच प्रकार आढळला : तेथील हवा उघड्या अंगणातील हवेपेक्षा जवळजवळ एका अंशाने अधिक तापली! सर्वांत उद्बोधक निष्कर्ष हिरवळीविषयी निघाला. उन्हात वाढणाऱ्या नुसत्या हिरवळीने हवा अगदी थोडी थंड झाली, पण तिला पाणी मात्र सर्वांत अधिक लागले. तीच हिरवळ सावलीत आणली, तेव्हा गारवा वाढला आणि पाण्याचा एकूण खर्च निम्म्याहूनही कमी झाला. पुढे याच अंगणांत माणसाच्या देहावर पडणारा उष्णतेचा भार किती, याचाही हिशेब करण्यात आला. त्यात उघड्या अंगणातील भार सर्वांत असह्य ठरला. सावलीने तो पुष्कळच हलका केला.

या प्रयोगातून मिळणारा धडा साधा आहे. हिरवा रंग पाहून डोळे निवतात, पण देह निववण्यासाठी डोक्यावर छाया हवी. कोरड्या प्रदेशातील एखाद्या नगरात मोठा चौक बांधून त्यावर हिरवळ पसरली, तर चित्र सुंदर दिसेल. परंतु दुपारी त्या हिरवळीवर कोणी फिरकणार नाही, आणि तिच्यासाठी दररोज ओतलेले पाणी उडून जाईल. त्याच पाण्याचा थोडा अंश देऊन रस्त्याच्या कडेला झाडे वाढविली, तर शेकडो पादचाऱ्यांची वाट सुसह्य होईल. वाळवंटात पाणी थोडे असते. म्हणून ते कोठे घालावे, यालाच सर्वाधिक महत्त्व आहे.

मरुभूमीतील जुन्या लोकांपाशी तापमापक नव्हते. परंतु हा हिशेब त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने मांडला होता. ११५६ साली वसलेल्या जैसलमेर नगरात झाडे थोडी, म्हणून तेथे भिंतींकडूनच सावली घेण्यात आली. गल्ल्या अरुंद ठेवल्या, घरे उंच बांधली, वरच्या मजल्यावरील झरोके पुढे काढले. त्यामुळे दिवसाचा बराच काळ गल्लीच्या तळाशी ऊन पोहोचत नाही. मात्र दगडाची सावली आणि झाडाची सावली यांत एक भेद आहे. दगड दिवसभर उष्णता साठवितो आणि सूर्य मावळल्यावर ती हळूहळू परत देतो. झाड उष्णतेची अशी साठवण करीत नाही. खेड्यांत जेथे घरे विखुरलेली, अंगणे मोकळी आणि वाटा लांब असतात, तेथे भिंतींची सावली पुरी पडत नाही. तेथे झाडावाचून गत्यंतर नाही.

पण हे झाड आणावयाचे कोठून? जैसलमेरच्या परिसरात वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. कोकणात तेवढा पाऊस कधी कधी एका दिवसात कोसळतो. अशा भूमीत ज्याला कोणी पाणी घालीत नाही, तरीही जे ऐन उन्हाळ्यात हिरवे राहते, असे झाड हवे. खेजडी हे ते झाड होय. मराठी माणसाला हा वृक्ष परका नाही. महाराष्ट्रात त्याला शमी किंवा सौंदड म्हणतात. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे ज्या वृक्षावर लपवून ठेवली तो हाच शमी, आणि दसऱ्याच्या दिवशी त्याचीच पूजा केली जाते. सणाच्या दिवशी पाने वाहून महाराष्ट्र ज्याला वंदन करतो, त्याच्यावर थरमधील माणसाचे दैनंदिन जीवन विसंबून आहे. अरबस्तानातही तो ‘गाफ’ या नावाने आदर पावला असून, संयुक्त अरब अमिरातीचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे.

खेजडीची मुळे पाण्याच्या शोधात जमिनीत खूप खोल जातात. ती ३० मीटरपर्यंत उतरल्याचे उल्लेख आढळतात. त्यामुळे वरची वाळू कोरडी ठणठणीत असली, तरी झाडाला खालचा ओलावा मिळत राहतो. चैत्र-वैशाखात इतर कित्येक झाडे निष्पर्ण होतात, तेव्हा हिला नवी पालवी फुटते. म्हणजे ज्या महिन्यांत सावलीची गरज सर्वांत मोठी, नेमकी त्याच महिन्यांत तिची छाया दाट होऊ लागते. पुढे हिवाळ्यात शेतकरी गुरांच्या चाऱ्यासाठी तिच्या डहाळ्या छाटतात. तेव्हा हवेहवेसे वाटणारे कोवळे ऊन अंगणात मोकळेपणी उतरते. तिच्या पाल्याला ‘लूंग’ म्हणतात. तो शेळ्या-उंटांचा आवडता चारा. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे ‘सांगरी’. त्या वाळवून वर्षभर भाजीसाठी ठेवतात. तिची छाया विरळ असल्याने खाली बाजरी, मूग, मटकी ही पिके चांगली येतात. १८६८-६९ च्या भीषण दुष्काळात धान्य संपले, तेव्हा लोकांनी खेजडीच्या सालीचे पीठ खाऊन प्राण जगविले. अशा या झाडाला १९८३ साली राजस्थानचा राज्यवृक्ष म्हणून मान मिळाला.

झाड कोठे असावे, याविषयीही वाळवंटातील गावांचे काही संकेत आहेत. विहिरीपाशी, तळ्याच्या काठी, चावडीसमोर आणि वाटेच्या वळणावर, जेथे माणसांना दिवसा थांबावे लागते तेथे, झाड जपले जाते. गावाबाहेर देवाच्या नावाने राखून ठेवलेली राने असतात; त्यांना ‘ओरण’ म्हणतात. तेथील हिरव्या झाडावर कुऱ्हाड चालविणे निषिद्ध मानले जाते. गुरे तेथे चरतात व सावलीत विसावतात. झाडोऱ्यामुळे वाऱ्याचा जोर मोडतो व उडणारी वाळू अडून राहते. रात्रीचा नियम मात्र निराळा. सूर्यास्तानंतर तापलेली वाळू आपली उष्णता निरभ्र आकाशाकडे टाकून देते आणि झपाट्याने निवते. झाडाखाली ही उष्णता पानांच्या घुमटामुळे काहीशी अडून राहते. म्हणून गावकरी रात्री आपल्या खाटा झाडाखाली न टाकता उघड्या अंगणात किंवा गच्चीवर टाकतात. दिवसा झाडाशी आणि रात्री आकाशाशी सख्य करावे, हे मरुभूमीतील माणसाने अनुभवातून शिकलेले शहाणपण होय.

या शहाणपणाला धर्माचरणाचे रूप देणारा एक संत थरच्या भूमीतच होऊन गेला. जांभोजी हे त्यांचे नाव. १४५१ साली पीपासर येथे त्यांचा जन्म झाला. १४८५ साली त्यांनी आपल्या अनुयायांना एकोणतीस नियम घालून दिले. बीस आणि नौ, म्हणून ते अनुयायी ‘बिश्नोई’ या नावाने ओळखले जाऊ लागले, असे सांगतात. हिरवे झाड तोडू नये व प्राण्यांवर दया करावी, हे त्या नियमांपैकीच आहेत. बिश्नोई समाजात मृतदेहाचे दहन न करता दफन करतात. त्यामुळे चितेसाठी झाड तोडावे लागत नाही.

या नियमाची कसोटी १७३० साली लागली. जोधपूरच्या गादीवर तेव्हा महाराजा अभयसिंह होते. राजवाड्याच्या बांधकामासाठी चुना भाजावयाचा होता आणि भट्ट्यांना लाकूड हवे होते. जोधपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर खेजडली हे बिश्नोईंचे गाव. नावाप्रमाणेच ते खेजड्यांनी भरलेले होते. राजाचे सेवक कुऱ्हाडी घेऊन त्या गावात शिरले. अमृतादेवी नावाची एक गृहिणी आपल्या दारातील झाडाआड उभी राहिली. झाड सोडून देण्यासाठी पैसे द्यावेत, असे तिला सुचविण्यात आले. पण तसे करणे हा धर्माचा अपमान होईल, असे म्हणून तिने ते नाकारले. एका मस्तकाच्या मोबदल्यात एक झाड वाचत असेल तर तो सौदा स्वस्तच होय, अशा अर्थाचे तिचे उद्गार आजही त्या भागात लोकांच्या तोंडी आहेत. तिने झाडाला मिठी मारली आणि कुऱ्हाडीचा घाव झाडाआधी तिच्यावर पडला. तिच्यामागोमाग तिच्या तीन मुलींनीही तोच मार्ग धरला. वार्ता आसपासच्या गावांत पसरली. लोक येत गेले, एकेका झाडाला कवटाळीत गेले, आणि पडत गेले. त्या बलिदानात ३६३ स्त्रीपुरुषांनी प्राण वेचले, असे परंपरा सांगते. अखेर राजाला पश्चात्ताप झाला; त्याने तोड थांबविली आणि बिश्नोईंच्या गावांतील झाडांना अभय दिले. भाद्रपद शुद्ध दशमीस खेजडली येथे आजही या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ मेळा भरतो.

झाडासाठी प्राण देणे हा अतिरेक होय, असे शीतल प्रदेशात राहणाऱ्यास वाटेल. परंतु जेथे सावलीवाचून दुपारी विहिरीवर जाता येत नाही, गुरे जगत नाहीत, शेत पिकत नाही आणि दुष्काळात पोटाला साल मिळत नाही, तेथे झाड आणि जीवन हे दोन वेगळे शब्द उरत नाहीत. वाढावयास मंद असणारी खेजडी डेरेदार होण्यास कित्येक वर्षे लागतात. ती तोडावयास घटकाही पुरते. एक झाड पडले म्हणजे एका पिढीची सावली नाहीशी होते. खेजडलीच्या त्या स्त्रीने हा हिशेब नीट केला होता.

हा हिशेब आजही संपलेला नाही. १९५९ साली जोधपूर येथे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था स्थापन झाली. मरुभूमीतील वृक्ष, पिके, वारा आणि वाळू यांचा अभ्यास तेथे चालतो. दुसरीकडे नगरे वाढत आहेत, रस्ते रुंद होत आहेत, आणि जुन्या गल्ल्यांची सावली नव्या वसाहतींना लाभलेली नाही. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारे विस्तीर्ण प्रकल्प थरच्या माळावर उभे राहिले आहेत. धुरावाचून मिळणारी ही वीज देशाला हवीच आहे. परंतु अशा प्रकल्पांसाठी खेजडीची झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा बिकानेरच्या परिसरात लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. ज्या सूर्यापासून वीज घ्यावयाची, त्याच सूर्यापासून माणसांचे रक्षण करणारे झाड गमवावे काय, असा हा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी साधण्याची वाट शोधून काढणे, हे आजच्या व उद्याच्या पिढीचे कर्तव्य आहे.

उष्ण प्रदेशातील वस्ती सुखाची करावयाची असेल, तर साऱ्या गावाची हवा थंड करण्याचे स्वप्न पाहण्याची गरज नाही. माणूस जेथून चालतो, जेथे पाणी भरतो, जेथे मुले खेळतात आणि जेथे वृद्ध बसतात, तेवढ्या जागांवर सावली धरली तरी पुष्कळ साधेल. त्यासाठी त्या भूमीत स्वतःच्या बळावर जगणारे झाड निवडावे, लहानपणी त्याला जपावे आणि मोठेपणी त्याला अभय द्यावे. रोप लावणाऱ्याला त्याची पुरी सावली बहुधा लाभत नाही. ती मागून येणाऱ्यांना लाभते. ज्येष्ठातल्या दुपारी वेशीवरच्या खेजडीखाली विसावलेला वाटसरू अशाच कोणा अज्ञात माणसाचा ऋणी असतो. ते ऋण फेडण्याचा मार्ग एकच : आपल्यामागून येणाऱ्या वाटसरूसाठी आणखी एक झाड राखून ठेवणे.

स्वाध्याय

१. ‘वाटसरू खोटे बोलत नाही, तापमापकही खोटे बोलत नाही.’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला प्रारणाने उष्णता कोठून कोठून मिळते?

३. कापडाचे छत आणि झाडाची सावली यांत कोणता भेद आहे?

४. सदे बोकेर येथील प्रयोगात हिरवळीविषयी कोणता निष्कर्ष निघाला? त्यापासून नगररचनाकारांनी कोणता धडा घ्यावा?

५. मरुभूमीतील लोक दिवसा झाडाखाली, पण रात्री उघड्यावर का विसावतात?

६. ‘खेजडलीच्या त्या स्त्रीने हा हिशेब नीट केला होता.’ येथे कोणता हिशेब अभिप्रेत आहे, ते पाचसहा ओळींत लिहा.

७. आपल्या शाळेच्या आवारात दुपारी बारा वाजता उन्हात व झाडाच्या सावलीत जमिनीला हात लावून पाहा, आणि आपला अनुभव आपल्या शब्दांत लिहा.